वाटीतला बुडबुडा

नांदेड,
१२ जानेवारी २०२५

प्रिय शीला,
सप्रेम जयभीम.

इतके दिवस पत्र नाही, फोन नाही, याबद्दल आधी माफी मागतो. पुढच्या महिन्यात तुझ्या लग्नाला वर्ष होईल. मधे काही वेळा लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘कशी आहेस’ असं लिहिलं की वाटायचं, हे विचारायला इतके दिवस कुठं होतास, असं तू म्हणशील. फोन करावा तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी काय बोलून बसेन याचा मला भरवसा नाही. कागदावर निदान खोडता येतं.

इकडे सगळं ठीक आहे. माय बरी आहे. तुझी वहिनी समीक्षा शिकवते ती शाळा सकाळचीच आहे, त्यामुळे ती अंधारातच बाहेर पडते आणि मग घरात मी आणि माय. विष्णुपुरीच्या बाजूला आमच्या गल्लीत नवीन घरं उठलीत, धूळ फार. वाण्याच्या डाळीत हल्ली खडे निघतात. माय निवडून देते, तरी दाताखाली येतात. मी वाणी बदलला. समीक्षा म्हणते, नव्या वाण्याकडं खडे फुकट मिळतात.

परवा समीक्षाची बहीण आली होती. माय तिला म्हणाली, “शीले, कवा आलीस?” सगळे हसले, मायही हसली. आवाज सारखाच हाय म्हणाली. मला तो तसा सारखा वाटत नाही, पण तिला वाटत असेल.

कॉलेजात एका सहकाऱ्यानं मला उशिराचं कारण विचारलं. मी म्हणालो, आईला स्क्लेरल लेन्स बसवून यावं लागतं. त्याला ती साधी लेन्स वाटली. म्हणाला, या वयात हौस म्हणायची. मग मी मायचाच शब्द वापरला. सांगितलं की तापाच्या गोळीनं तिच्या अंगावर उठलं, कातडी सोलून निघाली, जीव वाचला पण डोळ्यांतलं पाणी कायमचं आटलं. बुबुळं कोरडी पडून खरखरीत झाली. ही लेन्स बुबुळाला शिवत नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि पाण्यानं भरलेली वाटी पालथी घातल्यासारखी बुबुळावर राहते. त्या पाण्यातून तिला दिसतं. म्हणून आमच्या घरात तिला वाटी म्हणतात. त्यानं हौसेचा शब्द मागं घेतला. मग म्हणाला, रोज कोण बसवतं? मी म्हणालो, मी. हे म्हणताना मला थोडा अभिमान वाटला, तोही लिहून ठेवतो.

त्यावरूनच एक विचारायचं आहे. विशेष काही नाही. मी कसं करतो ते लिहितो, चुकत असेल तर कळव. माय पाटावर बसते, मी तिच्या पायाशी खाली फरशीवर. ती वाकते, इतकी की तिचं तोंड जमिनीला समांतर होतं. तिची हनुवटी मी डाव्या हातावर घेतो. वाटी रबरी दांडीवर ठेवून बाटलीतल्या पाण्यानं काठोकाठ भरतो, समीक्षा कधी घरी असली तर पापण्या ती धरते, पण डोळ्याला हात लावला की तिला चक्कर येते, म्हणून बहुधा मीच दोन बोटांनी धरतो. मग “हलू नको” म्हणतो आणि वाटी सरळ वर नेतो. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. तुझ्या हातून इतकं सांडायचं का? आणि कधी आत बुडबुडा राहायचा का? राहिला तर तुला तो कसा कळायचा?

मी रोज विचारतो, “माय, दिसतंय का?” ती म्हणते, “दिसतंय की.” त्यामुळे काळजीचं कारण नाही. सहज विचारलं.

दाजींना जयभीम. त्यांच्या बुद्धप्रियाला, म्हणजे आता तुझ्याही लेकीला, आशीर्वाद. ती कितवीत आहे हे मला माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

तुझा,
आनंददादा


नांदेड,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीला,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, पण पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात जातो.

मागच्या पत्रात सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. लिहिताना मला तसं वाटत होतं का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. वाटत होतं, असं म्हणवत नाही. मी नीट बघायचं टाळत होतो, हे जास्त खरं.

मायचा डावा डोळा लाल झालाय. ती म्हणाली, धुळीनं. मीही धूळच म्हणालो. काल वाटी काढल्यावर फोनचा उजेड पाडून बघितलं तर काळ्या बुबुळावर मधोमध पांढरा ठिपका आहे, जोंधळ्याच्या कण्यासारखा. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वाट्या बंद, तासातासाला थेंब, आणि आजच्या आज हैदराबाद, म्हणाले.

तुला माहीतच आहे, उजव्या डोळ्याला नुसता उजेड-अंधार कळतो. तिचं जे काही बघणं आहे ते डाव्यावर. तो गेला तर तिचं सगळं गेलं.

रात्रीच्या गाडीनं निघतोय. कपडे भरताना माय म्हणाली, “शीलीला कळवू नको. नव्या घरात हाय ती. माझी शपथ हाय तुला.” मी हो म्हणालो. हे पत्र स्टेशनच्या पेटीत टाकतोय. शपथेवर माझा विश्वास नाही, असं मी कॉलेजात नेहमी सांगतो. पण ती मोडताना हात जड झाला.

आनंद


नांदेड,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीला,

परत आलो. डोळा वाचला. नजर वाचली असं म्हणता येत नाही.

बुबुळावर जखम झाली होती आणि तीत जंतू शिरले होते. आता ती भरली, पण भरली तिथं पांढरा डाग राहिला, अगदी मधोमध. जखम पूर्ण सुकली की नवी वाटी देतील आणि वाटी घालावीच लागेल, कारण कोरडं राहिलं तर उरलेलंही जाईल. मात्र पुन्हा अशी जखम झाली तर या डोळ्यात काही उरणार नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आता जे तुला सांगायचं आहे ते.

तिथं लेन्स बघणारी मुलगी हैदराबादचीच होती, तुझ्यापेक्षाही लहान. तिनं मायला आपल्या दख्खनी हिंदीत विचारलं, “अम्मा, बीच में गोल-गोल कुछ दिखता था क्या?”

माय म्हणाली, “दिखता था ना. रोज दिखता था. बुडबुडा.”

“फिर बेटे कू बोले नै?”

“पैले दिन बोली थी. निकाल निकाल के फिर बिठाया. कालिज कू देर हो गई, रोने कू आया उसकू. फिर नै बोली मैं.”

मी मागं उभा होतो, हातात तिची जुनी औषधं. मायला माहीत होतं की मी तिथं आहे. पण तिला वाटलं असावं, ही बोली बोललं की मला कळत नाही. लहानपणी बाबा आणि ती आपल्यापासून काही लपवायचं असलं की असेच बोलायचे, आठवतं? आपल्याला तेव्हाही सगळं कळायचं.

त्या मुलीनं मला समजावलं, चिडून नव्हे. बुडबुडा आत राहिला की त्याच्याखाली पाणी नसतं. रोज तो एकाच जागी राहत असेल तर ती जागा रोज कोरडी पडते. एका दिवसानं असं होत नाही. मी विचारलं, मग मला बाहेरून दिसला नसता का? ती म्हणाली, खालून उजेड धरून बघितलं असतं तर दिसला असता. मग मायच्या फाइलवर तुझं नाव बघून म्हणाली, बहनने बताया नै क्या?

तू सांगितलं होतंस. मला आठवतंय, लग्नाच्या आधी तू मला शिकवत होतीस तेव्हा म्हणाली होतीस, बसवल्यावर आधी आपण बघायचं. मी दोन-चार दिवस बघितलंही असेल. पण मायच्या डोळ्यात इतक्या जवळून, इतका वेळ बघायला मला कसंतरी व्हायचं. विचारणं सोपं होतं. विचारलं की बघावं लागत नाही.

आणि विचारायचो कसं, तेही आठवून पाहिलं. बूट घालून, खांद्याला बॅग अडकवून, दारात उभा राहून. “माय, दिसतंय का?” त्या प्रश्नात ‘न्हाई’ म्हणायला जागाच नव्हती. ती म्हणायची, “दिसतंय की, जा तू.”

डाळीतले खडे वाण्याचे नव्हते. ज्या आखडलेल्या बोटांनी तिला स्वतःची वाटीही धरता येत नाही त्यांनीच ती चाचपून निवडत होती आणि कुणी बघत असलं की मान खाली घालून बघितल्यासारखं करत होती. जुन्या वाण्याला, रेवणसिद्धअप्पांना, मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो. त्यांच्याकडं जायचं आहे.

गाडीत परत येताना मला तुझ्या पाठवणीचा दिवस आठवला. तू जीपमध्ये बसत होतीस आणि पुन्हा उतरलीस, बाटली कुठं ठेवलीय ते मला सांगायला. तेव्हा माय सगळ्यांसमोर म्हणाली, “जा गं. तुझ्यावाचून माझं काय अडत न्हाई.” तुझा चेहरा मी बघितला होता. नंतर तू फोन करायचीस तर ती घ्यायची नाही, आणि मग तू करणंच सोडलंस. तू ते मनाला लावून घेतलंस याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही, कारण मलाही ते खरंच वाटलं होतं. आता वाटतं, तेही ‘दिसतंय की’ होतं. तुला मागं वळून बघायला लागू नये म्हणून बोललेलं.

मला हे नक्की माहीत नाही. मी शिक्षक माणूस, एक गोष्ट कळली की सगळीकडं तीच लावून बघतो. तरी तुला कळवावंसं वाटलं.

ये, असं मी म्हणत नाही. शपथ मोडली तेवढंच पुष्कळ झालं.

आनंद


नांदेड,
१६ मार्च २०२५

प्रिय शीला,

तू गेल्या रविवारी आलीस आणि चहा न घेता संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. आपण दोघं फार बोललो नाही. म्हणून लिहितो.

तुला वाटलं असेल की मी स्वयंपाकघरात होतो आणि माझं लक्ष नव्हतं. मी ओट्यापाशी उभा होतो, पाण्याचा ग्लास हातात घेऊन, आणि तुम्ही दोघी मला पूर्ण दिसत होता.

तू दारातूनच न्हाणीत गेलीस, हात धुतलेस, आणि काही न बोलता मायपुढं येऊन तिची हनुवटी हातावर घेतलीस. ती डोळे मिटून बसली होती. वाटी नसली की तिला उजेड सोसत नाही. मला वाटलं, आता ही दचकेल, रडारड होईल. माय म्हणाली, “हात धुऊन आलीस व्हय? बस मंग.” वर्षभरानंतर तिचं तुझ्याशी हेच पहिलं बोलणं. तूही फरशीवर बसलीस, जणू काल संध्याकाळी उठून गेली होतीस.

नवी वाटी त्याच आठवड्यात घालायला सांगितली होती. माझी हिंमत होत नव्हती, म्हणून डबी तशीच होती. तू ती उघडलीस.

मग जे केलंस ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. कसं बघणार, तू बसवायचीस तेव्हा मी अंघोळीला जायचो, आणि शिकवलंस तेव्हा माझ्याच हातानं बसवून घेतलंस. माय वाकली आणि तिनं ‘बुद्धं सरणं गच्छामि’ असं त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. तू हळू आवाजात साथ दिलीस. पहिल्यांदा म्हणताना तिची पापणी फडफडत होती. दुसऱ्यांदा, ‘दुतियम्पि’ला, मंदावली. ‘ततियम्पि’ला तू वाटी वर नेलीस आणि ती म्हणतच राहिली, तिला कळलंही नाही. पाणी तुझ्या बाहीत गेलं. तू हात काढला नाहीस. फोनचा उजेड धरून खालून बघत राहिलीस, किती तरी वेळ. तुझ्या मानेची शीर ताठली होती.

मग तू विचारलंस, “दिसतंय का गं माय?”

“न्हाई बाई.”

“कायच न्हाई?”

“कडंनं उजेड हाय. मधी धुकं. तुझं तोंड न्हाई दिसत.”

बाजारात मेथी नाही आली म्हणावं तसं ती हे बोलली. तू तोंड फिरवलंस. तेव्हा तिनं तुझ्या गालावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, “वाळलीस.”

“नाही गं.”

“खोटं बोलून राहिलीस.”

“तुझ्यावरच गेले,” तू म्हणालीस, आणि दोघी हसलात. मी ग्लास ओट्यावर ठेवला आणि मागच्या दारानं अंगणात गेलो. नंतर तू ‘कपडे काढत होतास का’ म्हणालीस, पण मी दोरीवरचे कपडे काढत नव्हतो. ते ओलेच होते.

फाटकाशी तू मला जे सांगितलंस ते मी त्याच दिवशी डायरीत उतरवलं. “दादा, तू तिला हलू नको म्हणतोस. हलू नको म्हटलं की माणूस हलतंच. तिला कायतरी म्हणायला लाव. तोंड चालू असलं की पापणी विसरते. बारावीच्या पोरांचं पाठांतर घेतोस, मायचं घ्यायला काय झालं?” मी म्हणालो, हे आधी का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, सांगायचं काय त्यात, आमचं ते तसंच चालायचं. आणि मग रिक्षा येताना दिसली तेव्हा म्हणालीस, “माझ्याकडं धाड तिला.”

मी म्हणालो, विचारतो.

विचारलं. माय म्हणाली, “हितंच बरं हाय. ल्योक असून लेकीच्या दारात कशाला? लोक काय म्हणतील?”

हे मला तिच्या तोंडचं वाटलं नाही. बाबा गेले तेव्हा लोकांनी किती गोष्टी म्हटल्या, तिनं एकीलाही धूप घातला नाही. पण मला आता कळेनासं झालंय. तिचं ‘बरं हाय’ खरं आहे की तेही ‘दिसतंय की’? तिनं हैदराबादच्या त्या मुलीला खरं सांगितलं. तुला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी बसवली आणि विचारलं. मला म्हणाली, “दिसतंय की.”

सगळ्या जगाला ती खरं सांगते, शीला, मला सोडून.

आणखी एक गोष्ट लिहायची टाळत होतो. ती ‘हितंच बरं’ म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. ते कशामुळे वाटलं, हे मी आठवडाभर तपासून बघतोय. तिच्यावरच्या मायेनं, की ती गेली तर गल्लीत माझ्याबद्दल बोलतील म्हणून, की सकाळचं हे काम गेलं तर तिच्याजवळ बसायचं मला दुसरं काही निमित्तच उरणार नाही म्हणून. तिन्ही असेल. त्यात तिच्या डोळ्याचा विचार कुठं होता, ते मात्र सापडत नाही.

आनंद


नांदेड,
६ एप्रिल २०२५

प्रिय शीला,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. बुद्धप्रिया पाचवीत आहे हे कळलं. मायला वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली. मग कार्ड हातात घेऊन तुझी अक्षरं बोटांनी चाचपली, पण पेनाच्या अक्षरांना उंची नसते.

रेवणसिद्धअप्पांकडं जाऊन आलो. म्हणालो, माझी चूक झाली, खडे तुमचे नव्हते. त्यांनी विचारलं, मंग कुणाचे? मी पिशवी पुढं केली. त्यांनी डाळ बांधून दिली आणि म्हणाले, घरी बघून घ्या सर, आमचाबी माणूस चुकतो.

मी त्रिसरण म्हणायला लागलोय. शाळा सुटल्यापासून मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी माय मधेच थांबली आणि म्हणाली, “तुझा सूर बाबांसारखाच हाय, बेसूर.” ती हसली तेव्हा पापणी मिटली आणि वाटीतलं पाणी माझ्या छातीवर सांडलं. दुसऱ्यांदा भरली. आता मी बसवतो, उजेड धरून बघतो, बुडबुडा असला तर काढून पुन्हा भरतो. बहुतेक वेळा असतो. तुझ्या हाताला जे आहे ते माझ्या हाताला नाही, हे लिहिताना मला वाईट वाटत नाही, नुसतं दिसतं. माझी वाटी शेवटच्या क्षणी थोडी कलते. का कलते ते मला अजून सापडलेलं नाही. तोवर तिचा डोळा थांबणार नाही.

आज सकाळी बसवून झाल्यावर मी उठलो नाही. सुट्टी होती, बूट दाराबाहेर होते. फरशीवरच बसून राहिलो. ‘दिसतंय का’ असं विचारलं नाही. मूठभर तूरडाळ घेतली, तळहात तिच्यापुढं उघडा धरला आणि म्हणालो, “माय, माझ्या हातात काय हाय?”

तिनं मान पुढं काढली. “फूल,” म्हणाली.

“नाही.”

“मंग गोळी. औषधाची.”

“नाही.”

मला वाटलं, मी हे फार वाईट केलं. आंधळ्याला कोडं घालावं तसं केलं. हात मागं घेणार तेवढ्यात ती म्हणाली, “आनंदा, तुझा हातच दिसत न्हाई मला. हातातलं काय सांगू?”

असं म्हणून ती हसली. मला चिडवल्यासारखी. मीही हसलो असेन, कारण ती म्हणाली, “हसतोस काय?” डाळ फरशीवर सांडली. मी ती गोळा करत बसलो. बराच वेळ ती सापडत राहिली, पाटाखाली, तिच्या पायाच्या बोटांमधे. तिनं पाय हलवला नाही.

मला पहिल्यांदा खरं सांगितलं तिनं. ते ऐकायला आपल्याला किती बरं वाटेल, असं मी महिनाभर धरून चाललो होतो. तसं काही वाटलं नाही. धुकं तेवढंच राहिलं, फक्त आता ते दोघांना माहीत आहे.

डाळ वेचतानाच मी विचारलं, वर न बघता, “शीलीकडं जातीस का?”

तिनं पदरानं हनुवटीवरचं पाणी पुसलं. मला वाटलं, आता ‘हितंच बरं’ येईल. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करून निघून गेलं.

“तिच्याकडं न्हाणी कुठल्या अंगाला हाय?”

मी म्हणालो, माहीत नाही. मी शीलाचं घर बघितलेलं नाही.

“मंग इचार,” ती म्हणाली. “रातच्याला उठावं लागतं मला.”

शीला, मी तिला चौदा तारखेच्या आत आणून सोडतो. जयंतीला तिला तुमच्या विहारात ने. तिची पांढरी साडी समीक्षानं नीळ घालून ठेवलीय. वाट्यांची डबी, रबरी दांड्या, पाण्याच्या बाटल्या मी हातातल्या पिशवीत घेईन, वरच्या फळीवर ठेवणार नाही. किती दिवसांसाठी, असं मी ठरवत नाही. तुझ्याकडं कसं वाटतं हे ती मला विचारलं तर ‘बरं हाय’ म्हणेल. तुला खरं सांगेल. ती तुला जे सांगेल ते मला कळवत जा, माझ्याविरुद्ध असलं तरी.

दाजींची परवानगी तू घेतलीच असशील. तरी मी आल्यावर त्यांना स्वतः विचारेन. त्यांच्या घरी पहिल्यांदा येतोय आणि येताना ओझं घेऊन येतोय, असं त्यांना वाटू नये. हे वाक्य खोडणार होतो. मायला ओझं म्हटलं म्हणून. तसंच ठेवतो, कारण मनात तसं आलं होतं आणि नंतर तसं वाटलं नाही.

समीक्षा संध्याकाळपासून मायच्या कपड्यांच्या घड्या घालतेय. मघाशी म्हणाली, आता सकाळी तू वेळेवर जाशील कॉलेजला. टोमणा नव्हता तो. तिचे डोळे भरले होते.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, येताना सोबत आणीन. पोचायला त्याला वेळ लागेल आणि मायनं विचारलेलं त्याआधी कळायला हवं.

आनंद

उद्या : तुला फोन करायचा, न्हाणी कुठल्या अंगाला आहे ते विचारायला.